आडव्या बाटल्यांची खोली

मागच्या वेळी शेळीच्या विम्याबद्दल बोललो होतो. आज सांगायचं आहे ते आमच्या सहलीबद्दल. सहल म्हटलं की तुम्हाला तुळजापूर नाहीतर पंढरपूर आठवेल. आम्ही मात्र नाशिकला गेलो, आणि तेही वाईनच्या द्राक्षाची बाग बघायला. ऐकून घरात जशी बोलणी झाली तशी तुमच्याही मनात होत असतील. जरा दम धरा, सगळं सांगतो.

आम्ही धारूर तालुक्यातल्या बायका. तीन गटांतल्या मिळून 22 जणी. दर बैठकीला बचतीच्या वर 20 रुपये बाजूला टाकून हे भाडं जमवलं होतं. काहींना वाटत होतं, एवढ्या पैशात देवदर्शन करू. शेवटी ठरलं असं की बाग बघायची आणि येताना वणीच्या सप्तशृंगीला जायचं. तेव्हा कुठे सगळ्यांनी माना हलवल्या.

पण खरी अडचण देवीची नव्हतीच, दारूची होती. आमच्या गावात काही वर्षांपूर्वी दारूच्या दुकानासाठी मतदान झालं. तुमच्यापैकी पुष्कळ जणींना ठाऊक असेल. गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून अर्ज द्यायचा, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. मतदानाला आलेल्यांच्या निम्मी नव्हे, यादीतल्या सगळ्यांच्या निम्मी. म्हणून आम्ही ऊसतोडीला गेलेल्या बायकांची वाट बघून तारीख मागितली होती. दारोदार फिरलो, म्हाताऱ्यांना खुर्चीवर बसवून आणलं आणि बाटली आडवी केली. शेजारच्या गावातून पिशवीत घालून अजूनही येते, ते वेगळं. पण दुकान बंद झालं ते झालंच.

अशा बायकांनी वाईनचा कारखाना बघायला जायचं? आमच्यातल्या एका काकूंनी बैठकीत सरळ विचारलं, "ज्या तोंडानं दुकान बंद करा म्हणलो, त्याच तोंडानं आता कारखाना बघायला चाललो का?" काकूंचे मालक दारूपायी गेले. त्यांच्यापुढे बोलायची कोणाची टाप नव्हती. शिवाय जानेवारी 2022 मध्ये राज्य सरकारने मोठ्या किराणा दुकानांतून, सुपरमार्केटमधून वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला होता. आमच्या गटानेही तेव्हा विरोधाचं निवेदन तहसीलला दिलं होतं.

तरी आम्ही का गेलो, तर सीताफळासाठी. आपल्या बालाघाटाच्या डोंगरात सीताफळ किती होतं ते सांगायला नको. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नाव झालं, पण पाटीचा भाव काय? दसरा-दिवाळीच्या दिवसांत फळ एकदम येतं, तोडलं की दोन-तीन दिवसांत पिकतं, आणि व्यापारी म्हणेल तो भाव घेऊन मोकळं व्हावं लागतं. संध्याकाळी उरलेली पाटी घरी परत आणली तर ती लेकरांनी नाहीतर शेळ्यांनीच खायची. तेव्हा नाशवंत फळाचं लोक करतात तरी काय, हे आम्हाला बघायचं होतं. महाराष्ट्रात फळापासून पुढचा माल करून, वर बाग दाखवण्याचेही पैसे घेतात असं ठिकाण म्हणजे नाशिक. काकूंना हे पटलं असं नाही. पण त्या आल्या. म्हणाल्या, "आत नाही येणार. बाहेर बसंन."

रात्री जेवणं उरकून निघालो. बीड, नगर, शिर्डी, सिन्नर असं करत सकाळी नाशिकला पोचलो. फेब्रुवारीचा महिना, चांगलीच थंडी. नाशिक समुद्रसपाटीपासून 600 मीटरच्या आसपास उंचावर आहे, म्हणून रात्री गार आणि दिवस उन्हाचे. द्राक्षाला हे मानवतं. गंगापूर धरणाच्या बाजूला बागाच बागा. याच भागात राजीव सामंत नावाच्या गृहस्थांनी सुला ही कंपनी उभी केली. अमेरिकेत शिकून, नोकरी करून ते परत आले, घरच्या जमिनीवर वाईनची द्राक्षं लावली आणि 2000 साली त्यांची पहिली वाईन बाजारात आली. सुला हे नाव त्यांच्या आईच्या सुलभा या नावावरून ठेवलेलं. हे ऐकून आमच्या बसमध्ये चर्चा सुरू झाली की आपल्या लेकरांनी दुकानाला आपलं नाव दिलं तर काय काय नावं होतील. ती चर्चा इथे सांगत नाही.

2005 साली त्यांनी लोकांना येऊन बघण्या-चाखण्यासाठी खोली सुरू केली, आणि मग तिथली बाग बघायला मुंबई-पुण्याची माणसं यायला लागली. आता त्या भागात अशा बऱ्याच वायनऱ्या आहेत. आम्ही गेलो ती एक मध्यम वायनरी. आधी फोन करून सांगितलं होतं की आम्ही गटाच्या बायका आहोत, शिकायला येतोय, आम्हाला चाखायचं नाही. ते म्हणाले, या.

माहिती सांगणारी मुलगी निफाडकडची, शेतकऱ्याच्या घरातली. पाहुण्यांना ती इंग्रजीत सांगते, आमच्यासाठी मराठीत सांगितलं आणि म्हणाली, मलाच बरं वाटलं. तिने आधी बागेत नेलं. तुम्ही बाजारात बघता ती द्राक्षं लांबट, बिनबियांची. ही तशी नव्हती. मणी बारके, साल जाड, आत बिया. एकीने विचारून एक मणी तोंडात टाकला. गोड तर इतका की दात शिवशिवले. खायच्या द्राक्षात गोडी 18च्या आसपास असली की तोडतात, वाईनसाठी 22 ते 24पर्यंत थांबतात. मोजायला एक नळीसारखं यंत्र असतं, त्यावर रसाचा थेंब टाकून उजेडाकडे धरून बघायचं. उसाची रिकव्हरी बघतात तसंच म्हणा ना. आमच्यातल्या कोयत्यावर जाऊन आलेल्या बायकांना हे लगेच कळलं.

ओळीच्या टोकाला गुलाबाची झाडं होती. आम्हाला वाटलं शोभेची. ती म्हणाली, भुरी रोग आधी गुलाबावर दिसतो, म्हणजे बागेला फवारणी कधी करायची याची आगाऊ खबर मिळते. दुसरी गोष्ट छाटणीची. थंडीच्या देशात वेल हिवाळ्यात झोपतो, म्हणून तिकडे वर्षाला एकच छाटणी. आपल्याकडे वेल झोपत नाही, म्हणून दोन. एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यात काडी तयार होते, आणि पावसाळा सरता सरता फळाची छाटणी, तिच्यावर घड येतात. दोन छाटण्यांची मजुरी, पण पीक एकदाच. आमच्या एका ताईंनी हे ऐकून शांतपणे म्हटलं, "दोनदा बाळंतपण अन् एकच लेकरू." ती मुलगी इतकी हसली की तिला थांबावं लागलं.

मग कारखाना. पहाटे गारव्यात तोडलेली द्राक्षं क्रेटमधून येतात. देठ वेगळे होतात, मणी फुटतात. पांढऱ्या वाईनला रस लगेच पिळून सालीपासून वेगळा करायचा, लाल वाईनला साली रसातच ठेवायच्या, कारण रंग सालीत असतो. किण्व, म्हणजे यीस्ट, रसातली साखर खातं आणि तिची दारू होते. स्टीलच्या उंच टाक्या, त्यांना बाहेरून थंड ठेवायची सोय, कारण आंबताना रस तापतो आणि तापला की वास बिघडतो. आपण आंबवण्याला नवख्या नाही. इडलीचं पीठ, ताक, लोणचं, सगळं आंबवतोच. फक्त आपण तापमान हाताने बघतो, ते आकड्याने बघतात आणि दर पाळीला लिहून ठेवतात. भिंतीवर वही टांगलेली होती. आम्ही तिचा फोटो काढला. खरं सांगायचं तर त्या चकचकीत टाक्यांपेक्षा ती वहीच आमच्या जास्त लक्षात राहिली.

पुढे एक गार, अंधारी खोली. लाकडी पिंपं एकावर एक, आणि कडेला बाटल्या. हजारो बाटल्या, सगळ्या आडव्या! आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि हसू फुटलं. ती मुलगी गोंधळली. तिला सांगितलं, बाई गं, आमच्याकडे बाटली आडवी केली म्हणजे दारू बंद. तिने मग कारण सांगितलं. बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवल्या की बूच ओलं राहतं, सुकून आकसत नाही, आत हवा शिरत नाही, आणि माल वर्षानुवर्षं टिकतो. म्हणजे आम्ही बंद करायला आडवी केली, ते टिकवायला आडवी करतात. परतीच्या वाटेवर यावर बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

चाखण्याच्या खोलीत आम्ही फक्त बसलो. शेजारी पुण्याचे पाहुणे होते, बायकाही होत्या. पेला फिरवायचा, वास घ्यायचा, मग घोटभर. आमच्यातल्या दोघींनी वास घेतला. एक म्हणाली पिकल्या पेरूसारखा, दुसरी म्हणाली छे, आंबलेल्या काकवीसारखा. प्यायलं कोणीच नाही. वाईनमध्ये दारूचं प्रमाण साधारण 12 ते 14 टक्के, आणि आपल्याकडच्या देशी दारूत त्याच्या तिपटीहून जास्त. म्हणून वाईन म्हणजे दारू नव्हेच, असं काही जण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. कमी आहे, पण आहे. त्या खोलीतले पाहुणे एक-एक घोट घेऊन हसत-बोलत बसले होते हेही खरं, आणि आमच्या गावात एका घोटावर थांबणारा माणूस आम्ही पाहिलेला नाही हेही खरं. गावातलं मत आम्ही बदललेलं नाही.

आता काकूंचं. त्या खरंच आत आल्या नाहीत. बाहेर जांभळाखाली बसल्या. आम्ही तासाभराने आलो तर काकूंच्या भोवती सात-आठ बायका. बागेतल्या मजूर. सुरगाणा, पेठ या डोंगराकडच्या तालुक्यांतून हंगामाला आलेल्या. छाटणी, विरळणी, घड औषधाच्या पाण्यात बुडवणं, तोडणी, असं एका बागेतून दुसऱ्या बागेत जात त्या महिनोन्महिने इकडे राहतात. टोळी, उचल, मुकादम, पालाखाली संसार, लेकराची शाळा बुडणं. काकूंना नवीन काहीच नव्हतं. काकू तीस वर्षं कोयत्यावर होत्या. त्या बायकांनी काकूंना विचारलं, "आत काय आहे?" हंगामामागून हंगाम बागेत काम करून त्या कधी आत गेल्या नव्हत्या. काकू म्हणाल्या, "मलाबी माहीत नाही." मग आम्हीच तिथे उभं राहून त्यांना सांगितलं, टाक्या कशा, बाटल्या आडव्या का, गुलाब कशाला. गुलाबाचं त्यांना आधीच ठाऊक होतं. फवारणी करणाऱ्या गड्याच्या आधी त्याच भुरी बघतात.

त्यांच्यासोबत आम्ही भाकरी खाल्ली. त्यांच्याकडे नागलीची, आमच्याकडे ज्वारीची, अदलाबदल केली. दुपारी वणीला पायऱ्या चढताना जेवढं देवीचं बोललो, तेवढंच त्यांचं बोललो.

बसमध्ये हिशोब सुरू झाला. एक बाटली भरायला किलो-सव्वा किलो द्राक्षं लागतात. द्राक्षाचा किलोचा भाव दोन आकडी, बाटलीची किंमत तीन आकडी, कधी चार. मधे वीज, टाक्या, बाटली, कर, सगळं आहे, तरी फरक केवढा. वर बाग बघायचं तिकीट. म्हणजे एकच बाग तीनदा विकली जाते. आधी फळ म्हणून, मग बाटली म्हणून, आणि शेवटी नुसतं बघणं म्हणून. यातलं पहिलं विकणारा सगळ्यात कमी कमावतो.

पण याला दुसरी बाजू आहे, ती त्या मुलीनेच सांगितली, कारण तिच्या नात्यात घडलेली होती. 2001 मध्ये सरकारने वाईनसाठी धोरण आणलं, करात सवलत दिली. पुष्कळ शेतकऱ्यांनी खायची द्राक्षं सोडून वाईनची लावली. 2009च्या सुमारास मंदी आली, वाईन खपेना, काही वायनऱ्या अडचणीत आल्या, आणि झाडावरची द्राक्षं उचलायला कोणी येईना. बियांची, जाड सालीची द्राक्षं बाजारात कोण खाणार? लोकांनी बागा तोडल्या. एकाच गिऱ्हाइकासाठी पीक घेतलं की असं होतं. कारखान्याने ऊस नेला नाही तर काय होतं, ते आपण बघतोच. सीताफळाचं एक बरं आहे, गराचं काही जमलं नाही तरी फळ बाजारात जातं.

आता सीताफळाचं सांगतो, कारण गेल्या हंगामात आम्ही एक प्रयोग करून हात पोळून घेतले आहेत. 10 किलो फळं फोडून बिया काढल्या, गर निघाला साडेतीन किलो. घरच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवला. चौथ्या दिवशी तपकिरी. एकीने मग आटवून टिकवायचं ठरवलं, तर कडू झाला. सीताफळाचा गर तापवला की कडवटतो, म्हणून त्याचा आंब्यासारखा जॅम होत नाही. बी वाटणात चिरडली तर तीही कडू, शिवाय विषारी. तेव्हा गर काढल्याबरोबर पिशवीत हवा न ठेवता भरायचा आणि लगेच खूप थंडीत, उणे 18 अंशांच्या खाली गोठवायचा, हाच रस्ता. मग तो रबडीवाल्यांना, आइस्क्रीमवाल्यांना उन्हाळ्यातही विकता येतो. त्यासाठी मोठा डीप फ्रीझर आणि न जाणारी वीज हवी. फ्रीझर मिळेल, विजेचं तुम्ही जाणता.

पैशाची चौकशी केली. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पाला 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे, आणि बचत गटातल्या प्रक्रिया करणाऱ्या सदस्याला 40 हजारांपर्यंत बीज भांडवलाची. सध्या अर्ज घेतात का ते तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या, ऐकीव बोलण्यावर जाऊ नका. गराची माहिती हवी असेल तर अंबाजोगाईला सीताफळाचं संशोधन केंद्र आहे, आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाचं. आम्ही इतकी वर्षं त्याच्या फाटकावरून एसटीने जात होतो आणि नाशिकला जाऊन आल्यावर आत गेलो. हसू नका.

बाग दाखवायची कल्पनाही निघाली. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 पासून आहे. दिवाळीच्या सुट्टीत शहरातली लेकरं आली, डोंगरावर जाऊन स्वतः सीताफळ तोडलं, धारूरचा किल्ला बघितला, पिठलं-भाकरी खाऊन गेली, तर का नाही? यावर अजून एकमत नाही. संडासाची सोय आधी करा, असं एका सासूबाईंनी सांगितलं, आणि ते बरोबरच आहे.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो मजुरीवर. गर काढणारी बाई कोण? आम्हीच. तिचा दिवस हिशोबात धरायचा की नफा आला तर वाटून घ्यायचा? आमच्या सचिवबाई म्हणाल्या, आधी धंदा उभा राहू द्या. तेव्हा काकू, ज्या बैठकीत फार बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, "जांभळाखालच्या बायकांचं इसरलात का?" त्यांनी एवढंच म्हटलं. मग ठराव लिहिला: फळाचे पैसे आणि गर काढणाऱ्या बाईची मजुरी आधी, फ्रीझरचा हप्ता नंतर, नफा शेवटी. आणि गर काढणारी प्रत्येक बाई वर्षातून एकदा तरी माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन यायची, माल कुठे जातो ते बघायला.

मजुरी किलोवर द्यायची की रोजावर, हे मात्र राहिलंय. तरण्या म्हणतात किलोवर, त्यांचा हात भरभर चालतो. म्हाताऱ्या म्हणतात रोजावर. पुढची बैठक एकादशी सोडून येत्या शनिवारी आहे. तुमच्या गटात पापड, शेवया, मसाला असं काही करत असाल आणि हा हिशोब तुम्ही कसा बसवला असेल, तर केंद्रावर फोन करून सांगा. सीताफळाचे डोळे उघडायला अजून चार महिने आहेत.